हाजींच्या गाडीला लागलेली हळद

गाड्यांतलं मला सगळं कळतं, फक्त त्यातली एकही कधी चालवलेली नव्हती. माझी स्वतःची आहे हो, पांढरी, जपानी, ऑटोमॅटिक, फ्लायओव्हर चढताना एसी बंद करावा लागतो अशी. पण तिला मी गाडी म्हणत नाही. गाडी म्हणजे अमेरिकेतली जुनी मसल कार. लांबलचक नाक, आठ सिलिंडरचं इंजिन, आणि पेट्रोल पिण्याची अशी हौस की दुसऱ्या कुठल्या देशात परवडूच नये.

बहारीनला नवा आलो तेव्हा हूरा भागातल्या एका कॅफेटेरियाबाहेर करक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा घेऊन उभा होतो. समोरून तसली एक गेली. दिसायच्या आधी ऐकू आली. पोटातला चहा हलला, हातातला शर्टावर सांडला. गावाहून येताना आईने सांगितलं होतं, परक्या मुलखात भलत्या नादाला लागू नकोस. दारू, जुगार, बायका, सगळं टाळलं. हे तिने सांगितलंच नव्हतं!

पगार एका एसी मेंटेनन्स कंपनीतल्या स्टोअरकीपरचा. त्यात तसल्या गाडीचा आरसासुद्धा आला नसता. म्हणून मी प्लास्टिकच्या आणायला लागलो. डब्यात सुटे भाग येतात, चौकटीला चिकटलेले. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, जोडायचे, की वीतभर लांबीची गाडी तयार. डब्यावरच्या चित्रात. माझ्या हातून जे तयार व्हायचं ते अपघातानंतर गॅरेजला आणलेलं वाटायचं. पहिल्या गाडीच्या काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला. दुसरीची काच गोंदाच्या वाफेने अशी पांढरी झाली की आत ड्रायव्हर बसवला असता तरी त्याला मोतीबिंदू झालाय असंच वाटलं असतं. आजही कपाटात सगळ्या रांगेने उभ्या आहेत आणि एकीचीही चारी चाकं एकदम जमिनीला टेकत नाहीत.

"मेलं ते प्लास्टिक," बायको म्हणायची, "जेवायच्या टेबलावर जेवण सोडून सगळं आहे." नखं घासायची तिची कानस मी बंपर घासायला पळवली, तेव्हा तिने दोन दिवस अबोला धरला. ते दोन दिवस माझं काम फार छान झालं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. मुलगी इथल्या इंग्रजी शाळेतली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मी पाहुण्यांना इंजिनाची क्यूबिक इंचं समजावून सांगत बसलो की ती मान वर न करता म्हणायची, "बाबा, इट्स प्लास्टिक." आणि बायको पुढे जोडायची, "बोलाचीच कढी, बोलाचाच भात." दोन भाषांत दोन बाजूंनी मार.

तर एकदा जनाबिया भागातल्या एका व्हिलात एसीचा कॉम्प्रेसर पोचवायचा होता. ड्रायव्हर रजेवर, म्हणून मीच कंपनीची ऑटोमॅटिक पिकअप घेऊन गेलो. मागच्या शेडमध्ये कापडाखाली काहीतरी झाकलेलं होतं. कापडाचा आकार बघूनच माझे पाय थांबले. नुसत्या नाकाच्या आकारावरून मी मॉडेल ओळखलं, आणि ओळखलं ते मोठ्याने. मागून आवाज आला, "तुमको कैसे मालूम?"

हे घराचे मालक. सत्तरी ओलांडलेले, उंच, हातात काठी, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. सगळे त्यांना हाजी म्हणायचे, मीही म्हणू लागलो. ते मला सदीक म्हणत, म्हणजे मित्र. जुन्या बहारीनींना येतं तसं मोडकंतोडकं हिंदी त्यांना छान यायचं, आणि माझं हिंदीही त्याच दर्जाचं, त्यामुळे आमचं उत्तम जुळलं. त्यांनी कापड बाजूला केलं. पांढरीशुभ्र, मधून दोन निळे पट्टे. तरुणपणी घेतलेली, तोच रंग, तीच सीटं. मी कार्ब्युरेटरबद्दल बोलायला लागलो तो थांबलोच नाही. कॉम्प्रेसर पिकअपमध्येच राहिला.

तेव्हापासून शुक्रवारी दुपारी मी तिकडे जायला लागलो. कारण काढलं होतं की हिचं मॉडेल करायचंय, रंग नीट बघून घ्यायचाय. हाजी खुर्ची टाकून बसायचे, मी फडक्याने गाडी पुसायचो. मग ते ड्रायव्हरच्या जागी बसून इंजिन सुरू करायचे. गाडी जागच्या जागी गुरगुरायची आणि आम्ही दोघं ऐकत राहायचो. ऑपरेशननंतर त्यांना क्लच दाबवत नव्हता. मुलं क्लच नसलेल्या गाड्यांवर वाढलेली, आणि तशीही हाजींनी ही गाडी आयुष्यात कुणाला चालवायला दिली नव्हती. पोटच्या मुलांनाही नाही.

आणि मला ती चालवायची होती. एकदा. कंपनीने त्या वर्षी माझा व्हिसा पुढे वाढवायचा नाही असं ठरवलं, महिनाअखेरीला आम्ही कायमचे गावी निघणार होतो. मी गावी गेलो की लोक विचारणार, इतकी वर्षं गल्फात काय केलंस? घर बांधलं, मुलीला शिकवलं, सगळं खरं. पण ज्या एका गोष्टीने इथे मला वेड लावलं, तिला मी फक्त फडकं मारलं, हे काही केल्या घशाखाली उतरत नव्हतं. शेवटी धीर करून विचारलं. हाजी गाडीकडे बघत म्हणाले, "इंशाल्ला." इतकी वर्षं इथे काढलेल्या माणसाला कळतं, की कुठला इंशाल्ला 'हो' असतो आणि कुठला 'विषय बदल' असतो. मी विषय बदलला.

त्या वर्षी दसरा नेमका शुक्रवारी आला. दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा. सकाळी हूऱ्यात बिल्डिंगखाली मी माझ्या जपानी म्हातारीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. वर कपाटातल्या प्लास्टिकच्या गाड्यांनाही एकेक पाकळी वाहिली. हो, दरवर्षी वाहतो. हसा. उरलेला हार आणि हळदीची डबी गाडीतच राहिली आणि मी तसाच जनाबियाला गेलो.

हाजी नमाजाला आत गेले होते. मी एकटा गाडीसमोर उभा. मनात आलं, पन्नास वर्षांची झाली बिचारी, हिला कधी कुणी एक फूल वाहिलं नसेल. डोळ्यांत पाणीच आलं हो! अशा वेळी माणसाची अक्कल चरायला जाते. मी हार घातला, टायरखाली लिंबू ठेवलं, हळद पाण्यात कालवली आणि बॉनेटवर मधोमध तीन बोटं ओढली. हाजी यायच्या आत पुसून टाकू म्हटलं. कुंकवाची पुडी घरी विसरलो होतो, एवढीच देवाची कृपा.

हार निघाला. लिंबू निघालं. हळद निघेना. जुना रंग तो, वरची चकाकी केव्हाच गेलेली. त्याने हळद अशी ओढून घेतली की जणू वाटच बघत होता. ओलं फडकं मारलं, तर तीन बोटांचा एक तळहात झाला. थुंकी लावली. तेच लिंबू चोळलं. मॉडेलच्या बॅगेतली थिनरची बाटली हातात घेतली आणि तशीच परत ठेवली, कारण थिनर काय करतं ते मला पक्कं ठाऊक होतं. गणपती करायला गेलो आणि मारुती झाला, तोही पिवळा.

काठीचा आवाज आला. हाजी येऊन उभे राहिले. बघत राहिले.

"ये क्या है?"

"हळदी, हाजी. हमारे में गाडी को... मतलब अच्छे के लिए लगाते हैं."

ते वाकले, बोट लावलं, वास घेतला. "सदीक," ते अगदी शांतपणे म्हणाले, "ये गाडी है. मछली नहीं है."

मी मेल्याहून मेलो. त्यांनी ओरडायला हवं होतं. ते खुर्चीत जाऊन बसले आणि काठीच्या मुठीवर हनुवटी ठेवून त्या डागाकडे बघत राहिले, ते मला बघवेना. मी भिंतीआड जाऊन बायकोला फोन लावला. सगळं ऐकून ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "हळद लावून मोकळे झालात, आता लग्नही लावून द्या तिचं! अहो, हळदीचा डाग उन्हात टाकतात. तुमचे शर्ट पांढरे कसे राहिले इतकी वर्षं? कडक उन्हात ठेवा, घासू नका, आणि कृपा करून दुसरं काही करू नका."

ऊन! बहारीनमध्ये दुसरं आहे काय? पण गाडी शेडमध्ये, नाक आत करून उभी, आणि शेडमधून अंगणात यायला छोटा चढ. हाजींचे माळीबुवा आणि मी ढकलून पाहिली. गाडी हलली नाही, माझी कंबर हलली. हाजींनी ड्रायव्हरच्या जागी बसून क्लच दाबून पाहिला. ओठ आवळले, घाम आला, पाय थरथरला. मग उतरले, माझ्याकडे बघितलं नाही, फक्त किल्ली पुढे केली.

ज्या क्षणाची मी कितीतरी वर्षं वाट बघितली, तो असा आला. दागिना चोरताना पकडलेल्याला तोच दागिना घालून बघ म्हणावं, तसा मी आत बसलो. ह्या इंजिनाची प्रत्येक तार मला पाठ. क्लच एवढा जड असतो हे मात्र कुठल्याच डब्यावर छापलेलं नव्हतं. माझा डावा पाय ऑटोमॅटिकमुळे वीस वर्षं पेन्शनीत गेलेला. रिव्हर्स टाकला, पाय सोडला, गाडीने एक उडी मारली आणि बंद. पुन्हा सुरू, पुन्हा उडी, पुन्हा बंद. माळीबुवा झाडामागे गेले. खिडकीशी हाजी आले. "तुम किताब बहुत पढ़ता है," म्हणाले. "अभी पैर से पढ़ो. आहिस्ता."

पुढच्या खेपेला ती गुरगुरत, माझ्यासकट थरथरत, चढ चढून अंगणात आली. माझं सगळं मसल कार ड्रायव्हिंग ते एवढंच: एक शेड ते एक अंगण, आणि तेही उलटं. हाजींनी डॅशबोर्ड उन्हाने तडकू नये म्हणून काचेवर चादर टाकली. आम्ही सावलीत बसून डाग बघत राहिलो, चुलीवर दूध ठेवून बसल्यासारखे. ऊन उतरेपर्यंत पिवळा फिका झाला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून लवकर सुटून गेलो, तेव्हा तो शोधावा लागत होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी शोधूनही सापडेना. मी गाडी परत शेडमध्ये लावली, या वेळी एकदाच बंद पडली. किल्ली हाजींच्या हातात ठेवली, माफी मागितली. ते "खलास, खलास" म्हणाले. मला वाटलं, हिशेब संपला, आता कुठल्या तोंडाने विचारणार? घरी येऊन सामान बांधायला घेतलं.

निघायला दोन दिवस राहिले असताना त्यांचा फोन आला. "सदीक, दाग वापस आ गया. जल्दी आओ."

बायको म्हणाली, "उन्हात गेलेली हळद परत येत नाही हो."

"तुला काय ठाऊक जुन्या रंगाचं!" मी उगाच तिच्यावर खेकसलो आणि निघालो. जाताना त्या गाडीचं मॉडेल डब्यात घालून घेतलं, तेवढंच तोंड दाखवायला. ते एकच मला त्यातल्या त्यात बरं जमलं होतं. तीन चाकं टेकत होती.

गाडी अंगणात उभी होती. म्हणजे कुणीतरी काढली होती, की त्यांनीच तो गुडघा घेऊन काढली होती, मी विचारलं नाही. बॉनेट दुधासारखं पांढरं. मी वाकलो, मोबाइलचा टॉर्च लावला, चष्मा काढून बघितलं, चष्मा घालून बघितलं.

"कहाँ है, हाजी?"

"इधर," त्यांनी हवेत काठी फिरवली. "इधर भी. बहुत है." ते बॉनेटकडे बघतच नव्हते. "यहाँ का धूप ठीक नहीं. समंदर के पास का धूप अच्छा है."

मग ते गाडीच्या उजव्या बाजूला गेले, इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो. त्या बाजूला ते कधी बसलेच नसावेत, कारण स्वतःच्या गाडीच्या दाराची कडी त्यांना चाचपडावी लागली. आत बसले, काठी मागे टाकली, माझ्या हातातला डबा मागून घेतला आणि छोटी गाडी मांडीवर धरली. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी म्हटलं, "हाजी, इसका एक पहिया नहीं लगता."

"मालूम है," ते म्हणाले. "यल्ला, चलो."

मी क्लच दाबला, पहिला टाकला, पाय सोडला, आणि नेहमीसारखी एक उडी मारून इंजिन बंद पडलं. मी पुन्हा किल्ली फिरवली. समोरचं फाटक सताड उघडं होतं.