तुझं नाव घेण्यापुरता श्वास

छातीतली गाठ कर्करोगाची नाही निघाली म्हणून घरच्यांनी पेढे वाटले, पण मला मात्र दत्तमहाराजांचा राग आला होता. गाठीसोबत माझ्या उजवीकडच्या तीन बरगड्या काढाव्या लागल्या आणि त्या जागी जाळी बसवली. सर्जन म्हणाले, "फुप्फुस शाबूत आहे, काळजी करू नका." फुप्फुस शाबूत होतं खरं, पण दोन महिने झाले तरी सदाशिव पेठेतल्या आमच्या घराचा एक मजला चढताना मला दोनदा थांबावं लागे. श्वास निम्म्यातच अडायचा. पुन्हा विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "वयही झालं ना आता." माझं वय अठ्ठावन्न. ते एका ऑपरेशनमध्ये एकदम कसं काय होतं?

कितीतरी वर्षं मी दर गुरुवारी दत्तमंदिरात स्तोत्रपठणाला बसत आले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा गेले, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी माझा आवाज विझायचा. पठण सांगणारे काका सगळ्यांदेखत म्हणाले, "आपण आता नुसतं ऐकायला बसलात तरी चालेल. पुण्य तेवढंच मिळतं."

"मग आपणच का नाही ऐकत बसत?" असं म्हणून मी उठले. निघताना देवाकडे पाहिलंसुद्धा नाही. बरगड्या न्यायच्या तर न्यायच्या, पण तुझं नाव घेण्यापुरता श्वास तरी ठेवायचास, असं मनातल्या मनात भांडत घरी आले. पुढचे चार गुरुवार गेलेच नाही.

छाती एका बाजूने आत बसल्यामुळे सगळे ब्लाउज ढगळ होऊ लागले होते. शेजारणीने सांगितलं म्हणून शनिवार पेठेत शिवणकाम करणाऱ्या एका बाईंकडे गेले. तोही गुरुवारच होता, हे फार नंतर लक्षात आलं. बाई माझ्याच वयाच्या, अकोल्याकडून आलेल्या. माप घेताना म्हणाल्या, "श्वास घ्या."

मी घेतला.

"घ्या ना, ताई."

"घेतला की!" मी खेकसले.

त्यांनी टेप खाली ठेवली. "काऊन भिता? उजवी बाजू तुम्ही हलूच देत नाही."

आता हिनेही मला शिकवायचं? "तीन बरगड्या नाहीत तिथे," मी तोडून म्हणाले.

"माह्याबी दोन नाहीत," त्या शांतपणे म्हणाल्या. लहानपणी छातीत पू झाला, तेव्हा काढल्या होत्या. दवाखान्यातल्या एका सिस्टरने त्यांना श्वास घ्यायला शिकवलं होतं. त्यांनी माझाच तळवा माझ्या उजव्या कुशीवर ठेवला. "नाकानं सावकाश घ्या, हाताले बाहेर ढकला. मग ओठ बारीक करून सोडा. दुखते म्हणून आपण ती बाजू आवरून धरतो, अन् मग फुप्फुसाले पसरायले जागाच राहत नाही."

तिसऱ्या वेळी तळवा जरासा हलला. मी तिथेच रडले. त्यात आनंद थोडा होता, संताप जास्त. इतकी साधी गोष्ट मला कुणीच का सांगितली नव्हती?

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात जाऊन तेच विचारलं. कागद चाळून सर्जन म्हणाले, "व्यायाम सांगायचा राहून गेला असेल." राहून गेला! मी खुर्ची सोडली नाही. शेवटी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिने स्पष्ट सांगितलं, हाडं नाहीत तिथे छाती कमकुवतच राहणार, सगळा श्वास परत येणार नाही. पण जो तुम्ही दुखण्याच्या भीतीने घेतच नव्हता, तो नक्की येईल.

तो आला. जिना आता न थांबता चढते. गुरुवारी मंदिरात पहिल्या रांगेत बसते. लांब ओळ अजूनही एका दमात होत नाही. मध्येच तोडते, श्वास घेते, मागून जाऊन बाकीच्यांना गाठते. काका बघतात. बघू देत.

शरण जाणं म्हणजे मुकाट्याने सोसणं, असं इतकी वर्षं समजत होते. आता माणसांना जाब विचारते आणि देवाकडे मात्र काही मागत नाही. त्या बाईंच्या रूपाने तो आला होता की नाही, यावर मी वाद घालणार नाही. रोज हात जोडते. राग पुरता गेलेला नाही, पण तो घरी ठेवून मंदिरात जात नाही. माझ्या तुटक्या श्वासाबरोबर तोही त्याच्याच पायाशी ठेवते.