साडूच्या दारात उभी करायची गाडी

लख्खभाऊंना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. नळांच्या कारखान्यात ते बफिंगला होते. म्हणजे साच्यातून निघालेला खडबडीत पितळी नळ फिरत्या चाकावर धरायचा आणि त्यात आपलं थोबाड दिसेपर्यंत घासायचा. कसं काय चाललंय असं कुणी विचारलं की ते म्हणत, "लख्ख!" मग तेच नाव पडलं.

माणूस कामाला वाघ होता, यात वाद नाही. प्रत्येक नळावर कंपनीचा बारीक शिक्का असे. चाक त्यावरून जास्त फिरलं की शिक्का पुसट होई आणि चांगला नळ भंगारात जाई. नव्या कामगारांना लख्खभाऊ दम भरत, "शिक्क्यावर आधी अंगठा ठेव, मग चाकाला लाव. घासणं गाढवालाही जमतं रे, थांबणं जमलं पाहिजे." लोकांना शिकवायची अक्कल त्यांच्याकडे भरपूर होती. घरी वापरायला तेवढी उरली नाही.

त्यांच्या दुखण्याची सुरुवात लग्न नवं असतानाच झाली. बायकोची थोरली बहीण दुसऱ्या गावात राहायची. आई लवकर गेल्यामुळे त्या ताईनंच बायकोला वाढवलं होतं. ताईचा नवरा, म्हणजे लख्खभाऊंचे साडू, बँकेत साहेब. नवं जोडपं पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलं, तेव्हा शेजारचे दोघेतिघे आले होते. त्यातल्या एकानं विचारलं, "हे काय करतात?" साडू भात कालवता कालवता म्हणाले, "आमचे साडू नळ घासतात." सगळे हसले. लख्खभाऊही हसले. मग बसमध्ये उभ्यानं परत आले, आणि घरी आल्यावर बायकोला म्हणाले, "आता त्या दारात जाईन तो स्वतःच्या गाडीवरून. आणि ती गाडी अशी असेल की त्यात त्या माणसाला स्वतःचं तोंड बघता येईल."

राग माणसाला येतोच. पण तो उतरायला हवा ना! लख्खभाऊंचा राग वर्षाच्या आत दोन चाकांवर उभा राहिला.

एका निवृत्त ड्रिल मास्तरांकडून त्यांनी ती जुनी सिंगल सिलिंडर मोटारसायकल घेतली. जड, काळी, हट्टी. बाजूची छोटी कळ दाबून ॲमीटरचा काटा मधोमध आणायचा आणि मगच किक मारायची. घाई केली तर किक उलटी फिरून नडगी सोलून काढायची. पण एकदा सुरू झाली की गल्लीतली भांडी फळीवर थरथरत. खाली कायम तेलाचे थेंब. लख्खभाऊ लोकांना सांगत, "गळतंय म्हणजे आत तेल आहे." बायको म्हणायची, सवत परवडली असती, तिच्यामागे फरशी तरी पुसावी लागली नसती.

दर रविवारी सकाळी ते अंगणात बसायचे. कारखान्यातून आणलेली जुनी बफची चाकं त्यांनी ड्रिल मशीनला लावायची सोय केली होती. पॉलिशचा मसाला लावून आधी सायलेन्सर, मग रिम, मग इंजिनाचं ॲल्युमिनियमचं केसिंग, इंच इंच. इतर गाड्यांचं केसिंग करडं आणि मळकट असतं. लख्खभाऊंचं आरशासारखं होतं. येणारे-जाणारे थांबत, वाकून बघत, वाहवा करत. लख्खभाऊंच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आणि साडूचं गाव? ते बसनं अर्ध्या दिवसावर होतं. पण गाडी तिथं न्यायची तर ती परिपूर्ण पाहिजे. पहिल्या वर्षी कार्बोरेटर दगा देईल अशी भीती होती. मग सायलेन्सरचा बेंड तापून निळा पडला, आणि निळ्या बेंडानं त्या माणसाच्या दारात कसं जायचं? मग टाकीवर ओरखडा आला. मग पिस्टन. सगळं जमलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की रस्त्यावर धूळ आहे, दारात पोचेपर्यंत गाडी मळणार. "वेशीवर थांबून पुसून घेऊ," बायको म्हणाली. ती चेष्टा करत होती. लख्खभाऊंनी त्यावर दोन दिवस खरोखर विचार केला.

बायको बोलायची, मग बोलायची थांबली. ताईच्या मुलीच्या लग्नाला ती एकटी बसनं गेली. ह्यांना ताप आहे असं तिकडे सांगितलं. खोटं बोलण्याचा सराव होत गेला. ताई दरवेळी विचारायची, "अगं, दोघं कधी येणार?" आणि ती दरवेळी म्हणायची, "ह्यांना कामातून सवडच मिळत नाही."

लख्खभाऊ निवृत्त झाले. निवृत्तीनंतर सवडीचं कारण संपलं, पण गाडीचं काम संपलं नाही. तेवढ्यात तिकडून फोन आला. ताई न्हाणीत पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, वय झालेलं, डॉक्टर फार आशेनं बोलत नव्हते. ताईनं स्वतः फोनवर सांगितलं, "तुम्ही दोघं एकदा येऊन जा गं. जावईबापूंना मी जेवू घातल्याला किती वर्षं झाली."

"जाऊ," लख्खभाऊ त्याच दिवशी म्हणाले. "ह्या आठवड्यात जाऊ. गाडीवरून." बायकोनं त्यांच्याकडे बघितलं आणि खरंच विश्वास ठेवला. विश्वास ठेवायची तिची सवय मोडत नव्हती.

फक्त एक अडचण होती. जुन्या गाडीच्या नोंदणीची मुदत संपली होती. ती नव्यानं तपासून घेतल्याशिवाय मोठ्या रस्त्यावर काढली तर पहिल्याच नाक्यावर पकडतील. गल्लीतल्या मेकॅनिकनं टॅपेट लावले, पॉइंट साफ केले. गाडी अशी चालायला लागली की लख्खभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं.

तपासणीच्या मैदानात गाड्यांची रांग होती आणि त्या रांगेतली सगळी माणसं आपली गाडी सोडून लख्खभाऊंची बघायला आली. "काका, नवीन घेतली का?" एकानं विचारलं. लख्खभाऊ गालातल्या गालात हसले. मग इन्स्पेक्टर आला. तरुण, घामाघूम, हातात कागदाच्या पट्ट्या आणि पेन्सिल. त्यानं हँडलखालच्या चासी नंबरवर पट्टी ठेवून पेन्सिल फिरवली. आकडे कागदावर उमटले. मग तो इंजिनापाशी खाली बसला. पट्टी ठेवली, पेन्सिल फिरवली. कागद नुसता काळा झाला. दुसरी पट्टी घेतली. तीही तशीच काळी झाली.

"काका, इंजिन नंबर कुठंय?"

लख्खभाऊ वाकले. केसिंगच्या डाव्या अंगाला, जिथं तो नंबर ठोकलेला असायचा, तिथं त्यांनी अंगठा फिरवला. गुळगुळीत. काचेसारखं गुळगुळीत.  बघायची गरजच नव्हती, अंगठ्यालाच कळलं. मऊ धातू, दर रविवारी चाक, इतकी वर्षं. कुणी चोरानं पुसला नव्हता, गंजानं खाल्ला नव्हता. अति तिथं माती म्हणतात, ती ही.

"गाडी फार सुंदर ठेवलीत," इन्स्पेक्टर म्हणाला, आणि तो मनापासून म्हणत होता. "पण नंबर नसलेलं इंजिन मी पास करू शकत नाही. उद्या कुणी म्हणेल चोरीचं आहे. अर्ज करा, पोलिसांचा दाखला आणा, मग नंबर परत ठोकून मिळतो. काही महिने जातील."

बाहेर, सोबत आलेल्या मेकॅनिकनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "भाऊ, कागदावर नंबर आहेच. दोन तासांत ठोकून देतो, कुणाला कळायचं नाही."

"माझ्या गाडीवर खोटा ठसा?" लख्खभाऊ असे खेकसले की मेकॅनिक मागे सरकला.

घरी बायको बॅग भरून बसली होती. झालं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग बसनं जाऊ. उद्या सकाळची आहे."

"अगं, अर्ज करतो ना. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे."

"ताईला सांगू का तसं? दोन-तीन महिने थांब म्हणून?"

लख्खभाऊंनी भरलेली बॅग पायानं जरा बाजूला सरकवली. मग म्हणाले, "बसनं गेलो तर तो माणूस हसेल मला."

"अहो, कशाला हसेल? इतक्या वर्षांत त्यानं तुमचं नाव तरी काढलंय का कधी?" बायकोचा आवाज चढला, आणि तिचा आवाज चढलेला त्या घरानं फारसा ऐकला नव्हता. "एक वाक्य बोलला तो जेवताना. खरं तेच बोलला. नळ घासत होतात ना तुम्ही? त्यात लाज कसली होती? त्या नळांवर आपण जेवलो. मला कधी लाज वाटली नाही. तुम्हाला वाटली, म्हणून माझं माहेर तोडलंत. ताई म्हणजे आई होती माझी. सणकीपायी तुमच्या, मी तिच्याशी उभी हयात खोटं बोलले."

लख्खभाऊंना म्हणता आलं असतं, चल, येतो. एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण डोळ्यांसमोर ते दार आलं, बसच्या धुळीनं माखलेले आपण आलो, हातात पिशवी घेऊन आलो, आणि साडूनं दार उघडलं. "तू हो पुढं," ते म्हणाले. "मी बघतो."

सकाळी ती गेली. पोचवायलाही गाडी काढता आली नाही. रिक्षा बोलवावी लागली.

संध्याकाळी लख्खभाऊंनी फोन लावला, पोचली का विचारायला. फोन साडूंनी उचलला. आवाज थकलेला होता, म्हातारा. ह्या आवाजाशी आपण भांडत होतो हे लख्खभाऊंना खरं वाटेना.

"पोचली हो सुखरूप. ताईच्या उशाशीच बसलीय," साडू म्हणाले. "तुम्हीही आला असता तर बरं वाटलं असतं. खरं सांगू का, राग मानू नका. आम्हाला नेहमी वाटायचं, आम्ही साधी माणसं, तुम्हाला आमच्याकडे यायला कमीपणा वाटत असेल. ही म्हणायची, जाऊ द्या, आपल्या हातून काही चुकलं असेल. काय चुकलं ते मात्र आम्हाला अजूनही कळलेलं नाही."

 सांगावं तर काय सांगावं? लख्खभाऊ म्हणाले, "तसं काही नाही हो. गाडीचं जरा काम निघालं."

"असं होय," साडू म्हणाले. त्यात खोच नव्हती, टोमणा नव्हता. "बरोबर आहे, गाडीचं बघायलाच हवं. थांबा हं, तुमच्या मंडळींकडे देतो फोन." आणि तिकडे वळून त्यांनी हाक मारली, "अगं, ह्यांचा फोन आहे. बोलतेस का?"

 मग लांबून बायकोचा आवाज आला, अगदी रोजच्या बोलण्यातला.

"ठेवा हो भाऊजी. तुमचा चहा गार होतोय."