सोवळ्यातली आवृत्ती

माझा मामेभाऊ धारला राहतो, मी देवासला. वाचनालयांची पुस्तकसूची ठेवणारं एक फुकट, खुलं सॉफ्टवेअर आहे. ते चालवणाऱ्या चार-पाच जणांत आम्ही दोघं. तो नव्या आवृत्त्या काढतो, मी जुनी, स्थिर आवृत्ती सांभाळते. नवं काही घ्यायचं नाही, त्याच्या कामातल्या दुरुस्त्या तेवढ्या निवडून जुनीत आणायच्या. ज्यांना बदल नको असतो त्यांचं वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं. तो चारचौघांत म्हणतो, "ताईचं वर्जन सोवळ्यात आहे भिया, दूर से बात करो." सगळे हसतात. मीही हसते आणि आतून जळते.

मामाकडे सत्यनारायणाला जमलो की मामी प्रत्येकाला सांगणार, ह्यानं पुन्हा नवीन काढलं. मी काय काढलं? काही मोडू दिलं नाही, एवढंच. न मोडल्याचे पेढे कोण वाटतं? नव्याचे नऊ दिवस म्हणतात खरं, पण हा दर सहा महिन्यांनी नवं काढतो, त्यामुळे याचे नऊ दिवस काही संपत नाहीत.

त्याची शाळा हिंदीतून झाली. मराठी बोलतो धडाधड, वाचताना अडखळतो. म्हणून मराठीचा संबंध आला की काम आधी माझ्याकडे पाठवतो. "तू हो म्हटलं की मी डोळे मिटून पुढे," म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात त्यानं सारखे विषय आपोआप एकत्र करणारी सोय लिहिली. रविवारी दुपारी मी ती वाचायला बसले. त्यात एक ओळ होती: ळ आला की तो ल समजावा. शाळेच्या हिंदीत ळ भेटलाच नाही, लिहिलेला पाहून त्याला वाटलं, एकाच अक्षराच्या दोन तऱ्हा. म्हणजे मूळ आणि मूल एकच, काळ आणि काल एकच. मला हसू फुटलं. सवयीनं माझ्या आवृत्तीच्या नोंदीत लिहिलं, 'हा बदल घेतला नाही. ळ आणि ल वेगळे.' संध्याकाळी त्याचा फोन.

"ताई, देखा क्या? कसं वाटलं?"

"छान आहे," मी म्हणाले.

एकदा तरी याचं तोंड पडावं, एकदा तरी लोकांनी म्हणावं की ताईचीच बरी. मला तेवढंच हवं होतं.

तीन आठवड्यांनी नवी आवृत्ती निघाली. धारच्या एका छोट्या वाचनालयानं ती लगेच बसवली. तिथले ग्रंथपालकाका सत्तरीचे. भिंग धरून एकेक पुस्तक त्यांनी सूचीत चढवलेलं. औषधी मुळं आणि मुलांचं संगोपन एका ढिगात गेलं, आणि असे कितीतरी ढीग झाले. सूचीची जुनी प्रत त्यांनी ठेवली नव्हती. त्यांनी मला फोन केला. "तुमचीच बरी हो," ते म्हणाले. "आता कपाटापासून पुन्हा सुरू करतो. ऊन असेतो दिसतं मला." हवं होतं ते वाक्य मिळालं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भावानं सगळ्यांपुढे लिहिलं की चूक त्याची, आणि काम कसं करावं ते ताईकडून शिका. ते मी चार वेळा वाचलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"ताई, तुझी नोंद पाहिली. तारीख गलत पडलीय का गं?"

तो मला वाट करून देत होता. हो म्हटलं असतं तर त्यानं मानलंही असतं.

"नाही. बरोबर आहे."

"पण त्याच दिवशी तर आपण बोललो."

"पोटात दुखत होतं माझ्या," मी म्हणाले. एवढंच कसंबसं बाहेर पडलं.

"अरे! मग बोलायचं ना! म्हणूनच सांगायचं राहून गेलं तुझं. डॉक्टरला दाखवलंस?"

त्याला खरोखरच पोट ऐकू आलं होतं. याहून सरळ शब्दांत सांगता आलं असतं. हिंदीतूनही आलं असतं.

"आता बरं आहे," मी म्हणाले.

"चल, छान," तो म्हणाला. "मग पुढचं पण तुझ्याकडेच पाठवतो."