तेलाचे दोन थेंब

"दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया आहे," एक्स-रे उजेडासमोर धरत डॉक्टर मॅडम म्हणाल्या. माझं बाळ तेव्हा सात दिवसांचं होतं. त्या काळ्या-पांढऱ्या चित्रातलं मला काही कळलं नाही. त्याची छाती माझ्या तळहाताएवढीच आहे, एवढंच दिसलं.

वाशीमच्या दवाखान्यात त्याला एसएनसीयूमध्ये घेतलं, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. नाकाला सीपॅप लावला. हे यंत्र सतत हवेचा दाब देऊन फुप्फुसं मिटू देत नाही. शेजारच्या पडद्यावर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण दिसायचं. ते खाली गेलं की यंत्र बोंबलायचं.

"बाळाच्या तोंडात, नाकात काही घातलं होतं का? मध, घुटी, तेल?" मॅडमनी विचारलं.

मी "नाही" म्हटलं.

ते खोटं होतं. पहिलं बाळंतपण म्हणून मी रीतीप्रमाणे माहेरी, मेडशीला होते. घरी आल्यापासून आई बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची आणि शेवटी नाक मोकळं राहावं म्हणून कोमट तेलाचे दोन थेंब नाकात सोडायची. आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीनं, मला बजावलं होतं, नाकात तेल घालू देऊ नका. मी आईला एकदा म्हटलंही.

"तुयाबी नाकात टाकलं होतं, मेली काय तू?" आई हसली. मीही हसले आणि विषय सोडून दिला.

दुसऱ्याच दिवशी तेल घातल्यावर बाळ जोरात ठसकलं, ओठ निळसर झाले, मग सावरलं. दोन दिवसांनी त्याला धाप लागली आणि त्यानं दूध ओढणं सोडलं.

मॅडमनी प्रश्न विचारला तेव्हा सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. माझ्या सासरहून, मानोऱ्याहून, धावत आल्या होत्या. नातवाचं तोंड पहिल्यांदा पाहिलं, तेही काचेतून. त्यांच्यासमोर "माझ्या आईनं घातलं" म्हणायला माझी जीभ रेटेना. पुढे जन्मभर आईला ऐकून घ्यावं लागेल, असं वाटलं. बाळापेक्षा मला माहेरची अब्रू जड झाली. हे लिहिताना आजही स्वतःचा राग येतो.

आई बाहेरच्या बाकावर बसली होती. प्रश्न तिनंही ऐकला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. दोघींनी माना खाली घातल्या.

दर तीन तासांनी मी वाटीत दूध काढून द्यायचे. सिस्टर ते नळीनं त्याच्या पोटात सोडायच्या. अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारी औषधं चालू होती. फरक मात्र पडेना. आमचे हे दारापाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सिस्टरला एकच विचारायचे, "कसं आहे?" त्यांनाही मी काही सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मॅडम बाहेर आल्या. "रक्तात मोठा जंतुसंसर्ग दिसत नाही, तरी फुप्फुसं सुधारत नाहीत. कुठेतरी काही जुळत नाही. संध्याकाळपर्यंत असंच राहिलं तर अकोल्याला हलवावं लागेल. वाटेत काहीही होऊ शकतं."

त्या वळल्या तशी मी त्यांच्यामागे गेले. "मॅडम, तेल घातलं होतं. नाकात. रोज."

सासूबाई मागेच होत्या. आता आभाळ कोसळणार असं वाटलं आणि कोसळलं तरी चालेल असंही वाटलं.

मॅडमनी समजावलं, "याला अ‍ॅस्पिरेशन म्हणतात, म्हणजे पोटात जायचं ते श्वासनलिकेत उतरणं. तेल फुप्फुसात गेलं की सहजी बाहेर पडत नाही, आतून सूज आणतं. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सासूबाई जाऊन आईशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "इहीनबाई, म्याबी याच्या बापाच्या नाकात टाकलं होतं. तो वाचला, अन् म्या शहानी ठरली." नंतर माझ्याकडे वळल्या. "तू काहून गप राह्यली वो तीन दिवस? मले भेऊन?"

मी होकारार्थी मान हलवली. आई पदरात तोंड घालून रडू लागली.

मॅडमनी उपचार बदलले, सूज उतरवणारं औषध सुरू केलं. "हमी देत नाही," असंही सांगितलं. पुढचे दोन दिवस पडद्यावरचा आकडा खाली-वर होत राहिला आणि माझा जीव टांगणीला. तिसऱ्या दिवशी तो टिकला. मग सीपॅप निघाला, आणि एका दुपारी सिस्टरनी बाळ माझ्या पदराखाली दिलं. त्या सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमचं बाळ असं काचेआड असेल तर एवढंच करा, डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. कोणाच्या हातून काय झालं ते नंतर निस्तरता येतं.

सुट्टी झाली तेव्हा सासूबाई मला मानोऱ्याला नेणार असंच सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्या म्हणाल्या, "सव्वा महिना माहेरचा असते. मेडशीलेच जाय."

मेडशीला आईनं पाणी काढलं, पण बाळाला हात लावेना. "तूच घाल वो. मायाच्यानं होत नाई."

मी तिला पाटावर बसवलं आणि बाळ तिच्या पायांवर ठेवलं. पहिल्याच तांब्याला बाळानं टाहो फोडला. इतके दिवस त्याच्या रडण्याला असा दम नव्हता. आम्ही दोघींनी त्याला बराच वेळ गप्प केलं नाही.