बिनपन्नीच्या बाजारात माझी पन्नी

ओट्याखालचा तिसरा खण बंद होईना, म्हणून मी साकोलीला गेलो. दोन्ही गोष्टींचा संबंध सांगतो.

एकट्या माणसाच्या स्वयंपाकघरात भांडी कमी आणि पिशव्या फार असतात. पाव किलो भेंडीची एक, दोन लिंबांची एक, ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची एक. सामान आणणारा बेल वाजवतो, पिशवी दारात ठेवतो, आणि मी कडी काढेपर्यंत लिफ्ट खाली गेलेली असते. पिशवी तेवढी माझ्याकडे राहते. ती टाकवत नाही, म्हणून खणात जाते. घटस्फोटाला नऊ वर्षं झाली. एवढ्या काळात माझ्याकडे दुसऱ्या कशाचाच इतका साठा झालेला नाही.

अशा माणसानं प्लास्टिकबंदीची टर उडवणारा लेख लिहावा, हे ओघानंच आलं. जप्त केलेल्या पिशव्या प्लास्टिकच्याच पिशव्यांत भरून नेणाऱ्या पथकांवर मी याच ब्लॉगवर लिहिलं होतं. त्याखाली प्रतिक्रिया आली : ‘तुम्हाला सगळ्याच गोष्टीचं हसू येते. एकदा आमच्या रविवारच्या बाजारात या, मग हसा.’ खाली सही भंडारा जिल्ह्यातल्या एका गावच्या सरपंचताईंची. माझ्या मागच्या तीन लेखांखाली आलेली ती एकमेव प्रतिक्रिया. बोलावणं म्हणावं की दम, ते ठरेना. पण बऱ्याच दिवसांत दोन्हीपैकी काहीच आलं नव्हतं, म्हणून तिकीट काढलं.

पुण्याहून नागपूरला रात्रभराची गाडी आहे. जायचं असेल त्यांनी तिकीट आधी काढावं. नागपूरहून साकोलीला एसटी मिळते, अडीच-तीन तास धरून चाला. हायवे इतका गुळगुळीत आहे की बघण्यासारखं काही आलं आणि गेलं हे कळत नाही. शहापूर मागे पडल्यावर मला शहापूरची पाटी दिसली. भंडाऱ्याच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते. तिथला आलूबोंडा खा, पण सोबत तर्री घालू का विचारतील तेव्हा पुणेकरांनी विचार करून उत्तर द्यावं. मी केला नाही. लाखनीपर्यंत डोळे पुसत होतो. शेजारच्या बाईंना वाटलं माझ्या घरी काही झालंय. त्यांनी न बोलता पाण्याची बाटली पुढे केली. काही झालेलं नाही हे सांगावंसं वाटलं नाही.

कंडक्टरनं विचारलं होतं, “एकच?” साकोलीच्या लॉजवाल्यानं विचारलं, “एकटेच?” आणि खोलीकडे नेताना पुन्हा खात्री करून घेतली, जणू मी मागाहून कोणाला तरी खिडकीतून आत घेणार होतो. खोली सहाशे रुपये, गरम पाणी बादलीनं. डिसेंबरातल्या पहाटे ती बादली सहाशेच्या वरचढ वाटते.

रविवारी सकाळी एकोडीकडे जाणाऱ्या काळीपिवळीत बसलो. भाडं तीस रुपये, दहाजणांच्या जागेत चौदाजण. दोन्ही बाजूंना धान कापून झालेली बांधी, म्हणजे आपली भातखाचरं, मधूनमधून तलाव. मालगुजारांच्या काळातले, म्हणजे ‘माजी मालगुजारी’, म्हणून इथे त्यांना मामा तलाव म्हणतात. एकोडीच्या पुढच्या फाट्यावर सरपंचताईंनी पाठवलेले ग्रामपंचायतीचे चपराशी देवाजीभाऊ मोटरसायकल घेऊन उभे होते. त्यांच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पाहुणे वाढले की पन्न्या वाढतात. पातळ प्लास्टिकच्या पिशवीला तिकडे पन्नी म्हणतात आणि आपल्याकडच्या ‘कॅरीबॅग’पेक्षा तो शब्द खरा आहे. हातात घेतल्याबरोबर फाटतो.

बाजार भरायला वेळ होता, म्हणून देवाजीभाऊंनी चहाला घरी नेलं. पंचायतीनं घरटी एक कापडी पिशवी वाटली होती, हे त्यांनी वाटेतच अभिमानानं सांगितलं होतं. बचतगटाच्या बायांनी शिवलेली, जाड, दुहेरी बंदांची. मी बघायला मागितली. त्यांच्या बायकोनं पेटी उघडली, लुगड्यांच्या खालून एक पुडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. पिशवी खरोखर देखणी होती. पन्नीत गुंडाळलेली होती.

देवाजीभाऊ कपाकडे बघत राहिले. बाजारात पन्नी धरणाऱ्या पथकात तेच होते. खरं तर पथकच ते होते.

“मळन म्हणून ठेवली जी,” वहिनी म्हणाल्या. “एवढी चांगली पिशवी भाजीले कायले खराब करावं?”

मी घरी नेऊन लिहायला एक वाक्य तयार करून टाकलं. मग चहा संपेपर्यंत त्या वाक्याची लाज वाटत राहिली. माझ्याकडे लग्नात आलेले काचेचे सहा पेले आहेत, अजून खोक्यातच. चांगली वस्तू वापरायला दिवस चांगला लागतो, या समजुतीत वहिनी आणि मी सारखेच निघालो.

सरपंचताई बाजाराच्या तोंडाशी भेटल्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र ध्वनिवर्धकाची गरज नसलेला. मी हसायला आलोय की बघायला, हे त्यांनी आधी विचारलं. मी बघायला म्हणालो. “मंग मासोळीपासून सुरुवात करा,” त्या म्हणाल्या. “भाजीत काही नाही. भाजी कशातही जाते.” दुपारी जेवायला घरी यायचं बजावून त्या पुढे गेल्या.

मासोळीच्या ओळीत पहिली जागा सायत्राबाईंची. हापशाला लागून. मासे विकणाऱ्याला पाणी हाताशी असणं म्हणजे काय, ते तिथे पाच मिनिटं उभं राहिल्यावर कळतं. त्यांची सासू तिथेच बसायची, त्याआधी सासूची सासू. साठीच्या असतील. समोर रोहू, बाजूला टोपल्यात तलावातले झिंगे, आणि पलीकडे पळसाच्या पानांची चळत. मासे पानात बांधून द्यायचे, वरून पळसाच्याच सालीचा दोर. काम इतकं सफाईदार की मी दहा पुड्या नुसत्या बघितल्या.

पण पुडीतून पाणी गळतं. मोटरसायकलवर आलेला एक जण म्हणाला, डिक्कीत वास राहते, पन्नी द्या. नाही म्हटल्यावर तो गावाच्या हद्दीबाहेर बसणाऱ्याकडे गेला. त्याच्याकडे मिळते. अर्ध्या तासात असे चार गेले. सायत्राबाई त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. पुढचा मासा खवलत होत्या.

तुम्ही चोरून का देत नाही, असं मी विचारलं. हा माझा धंदेवाईक खवचटपणा. त्यांनी सरळ उत्तर दिलं. दिली होती, दोनदा. दोन्ही वेळा धरलं. तिसऱ्यांदा सापडली तर जागा दुसऱ्याला, असा ग्रामसभेचा ठराव आहे. हात वर करणाऱ्यांत त्या स्वतःही होत्या.

“काहून केला वर?” मी म्हणालो. त्यांचा शब्द माझ्या तोंडात कधी आला कोणास ठाऊक.

“जाळ्यात मासोळीपेक्षा पन्नीच जास्त येऊन राहिली होती भाऊ. मंग का खाली ठेवावा हात?”

जागा गेली तर ओळीच्या शेवटी, जनावरांच्या बाजाराकडे बसावं लागेल. तिथे पाणी नाही आणि गिऱ्हाईक पोचत नाही. एवढं सांगून त्या पळसाची पानं पुसायला लागल्या. मला अजून उभं राहायचं होतं. अनोळखी माणसाशी बोलत राहायचं तर काहीतरी विकत घ्यावं लागतं, हे मी शहरात शिकलोय. मी अर्धा किलो झिंगे मागितले. सरपंचताईंकडे न्यावेत म्हटलं, रिकाम्या हातानं कसं जायचं.

त्यांनी झिंगे पानावर घेतले. पाणी टपकायला लागलं. आणि माझा हात पाठीवरच्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात गेला, गोळ्यांची पन्नी घेऊन बाहेर आला, आणि मी तिचं तोंड उघडून पुढे धरलं. विचार वगैरे काही नव्हता. सायत्राबाई शेजारच्या गिऱ्हाइकाला भाव सांगत होत्या. समोर उघडं तोंड दिसलं, त्यांनी झिंगे आत ओतले आणि पन्नी तराजूत ठेवली. त्यांच्याही हाताला सवयच होती.

तराजूचा काटा स्थिर व्हायच्या आत देवाजीभाऊ समोर होते.

ओळीतल्या सगळ्यांचे कोयते थांबले. देवाजीभाऊंना आनंद झाला असता तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांचा चेहरा सकाळी पेटी उघडली तेव्हासारखाच झाला. “बाई,” ते हळू आवाजात म्हणाले, “हे तिसरी हाये वो.”

सायत्राबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. पदराला हात पुसले आणि हापशाकडे बघितलं.

आता हे लिहिणं भाग आहे : मी लगेच बोललो नाही. किती वेळ, ते मोजलं नाही. एवढं आठवतं की त्या वेळात मी मनात ‘लेख मस्त झाला’ असं म्हणालो. वीस वर्षं बाजूला उभं राहून लिहिणाऱ्याला आपण बाजूला नाही हे कळायला वेळ लागतो.

मग म्हणालो, पन्नी माझी आहे.

कोणी विश्वास ठेवला नाही. देवाजीभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “राहू द्या साहेब. तुमचं मन मोठं हाये. पण पाहुण्यानं मधात पडू नये.” गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, भला माणूस हाये, बाईसाठी खोटं बोलून राहिला. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलून मला चांगुलपणाचं सर्टिफिकेट मिळत होतं, आणि ते कुठे परत करायचं ते कळत नव्हतं.

तेवढ्यात सरपंचताई आल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही, सायत्राबाईंनाही नाही. तराजूतली पन्नी उचलली, उजेडात धरली आणि तिच्यावरचं छापील नाव मोठ्यानं वाचलं. पुण्यातल्या एका औषधांच्या दुकानाचं नाव, खाली ‘घरपोच सेवा’. मग आत हात घातला आणि झिंग्यांच्या खालून माझ्या गोळ्यांची पाकिटं बाहेर काढली. एकाला मिशा चिकटल्या होत्या.

“काहून वो सायत्राबाई,” त्या म्हणाल्या, “तुह्या झिंग्याइले बीपी हाये का?”

अख्खी ओळ हसली. देवाजीभाऊ सगळ्यांत जास्त, सुटका झाल्यासारखे. सायत्राबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी तराजू पुन्हा सरळ केला आणि जागेवर नीट मांडी घालून बसल्या. ती मांडी बघून मला कळलं की मघापासून त्या अर्धवट उठलेल्या होत्या.

दंड मी भरला. पावती मिळाली, तिच्यावर माझं नाव आणि ‘परगावचा’ असा शेरा आहे. गोळ्यांची पाकिटं हापशावर धुतली. सरपंचताई म्हणाल्या, “आता लिहा. अन् हसा.”

उरले झिंगे. ते पानात बांधायला मी सांगत होतो, पण सायत्राबाईंनी स्वतःचा जेवणाचा डबा उघडला, त्यातला भात संपलेला होता. डबा हापशावर विसळून झिंगे आत घातले, झाकण दाबलं. स्टीलचा जुना डबा, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव : सायत्रा.

“पुढच्या बाजारी पायजे,” त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, मी पुण्याचा आहे.

“मंग? पुण्यात रविवार नसते का?”

हे आभार नव्हते. माफीही नव्हती. मी डबा घेतला.

सरपंचताईंकडचं जेवण, झिंग्याची भाजी आणि भात, यावर स्वतंत्र लिहावं इतकं चांगलं होतं. त्यांच्या घरात सगळे एकमेकांच्या बोलण्यात बोलत होते. मी मध्येच काही बोललो तर कोणी थांबून ऐकलं नाही. मला ते फार आवडलं. धुतलेला डबा मांडीवर घेऊन संध्याकाळी साकोलीला परतलो. लॉजवाल्यानं डब्याकडे बघितलं आणि प्रथमच ‘एकटेच?’ विचारलं नाही.

पुण्यात येऊन तीन दिवस डबा ओट्यावर होता. खिडकी उघडी ठेवली तरी स्वयंपाकघरात एक बारीकसा तलावाचा वास. चौथ्या दिवशी कुरियरवाल्याकडे गेलो. त्यानं डबा हलवून बघितला आणि म्हणाला, याला आधी फुग्याफुग्यांचं प्लास्टिक, वर प्लास्टिकचं पाकीट, त्याशिवाय घेत नाही. मी त्याला बाजाराची गोष्ट सांगायला लागलो. मागच्या माणसानं घाई आहे म्हटलं.

मग घरी येऊन तिकीट काढलं. या रविवारचं नाही मिळालं, पुढच्याचं आहे, तेही वेटिंग. उशीर होतोय हे त्यांना कळवायचा काही मार्ग नाही, असं मी दोन दिवस धरून चाललो. मग आठवलं, प्रतिक्रियेखाली उत्तर देता येतं. दिलं. सरपंचताईंचा निरोप आला : ‘सांगितलं. डबा रिकामा आणू नका.’

या वयात पहिल्यांदा रव्याचे लाडू करायचं ठरवलंय. पहिली खेप मी चमच्यानं खाल्ली. दुसऱ्या खेपेचा रवा आणायला काल संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात स्वतः गेलो, डबा घेऊन. नऊ वर्षं तिथून सामान येतं, पण दुकानदाराला मी चेहऱ्यानं माहीत नव्हतो. त्याचा हात टांगलेल्या पिशव्यांकडे गेला. मी डबा पुढे केला. त्यानं रवा ओतला, झाकण लावताना नाव वाचलं.

“सायत्रा कोण?”

“आहेत एक, साकोलीकडे,” मी म्हणालो. “रविवारी वाट बघतात.”

माझी बघतात की डब्याची, तो तपशील मी त्याला दिला नाही.