कंसाबाहेरच्या मंदाताई

नारायणगावच्या एसटी स्टँडसमोर मंदाताईंचा फोनचा बूथ होता. फोन करायला आलेल्या माणसाला नंबर विचारायच्या आधी त्या विचारायच्या, "काय बोलायचं ते ठरलंय का?" नसेल ठरलं तर बाकावर बसवायच्या. मी शाळेत मराठीची बाई म्हणून नुकतीच लागले होते. पहिल्याच दिवशी आईला फोन करायला गेले, तर मलाही बसवलं. मी चिडून म्हटलं, "आईशी काय बोलायचं हे कुणी ठरवून जातं का?"

"म्हणून तर रडत भाईर येत्यात," त्या म्हणाल्या. "बसा, बाई. मीटर पडाया लागला का कामाचं काय सुचत न्हाई."

मी बसले, ती पुढे रोजच बसायला लागले. शाळा सुटली की पाय आपोआप तिकडे वळायचे.

मंदाताईंना लहानपणी पोलिओ झालेला, काखेत कुबडी, शिक्षण सातवी. अपंगांच्या कोट्यातला हा बूथ त्यांनी जुन्नरला खेटे घालघालून मिळवला होता. कुणी कीव करायला लागलं की म्हणायच्या, "बिचारी म्हणायचं आसंल तर फुडच्या बूथवरनं फोन करा."

फोन काचेच्या केबिनमध्ये होता. दार लावलं की आतला आवाज बाहेर येत नसे. मंदाताई दिवसभर खुर्चीतून त्या काचेकडे बघत बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "बाया दार लावल्याव आदी त्वांडाव हसू चढवत्यात. फोनवर कुणाला दिसतंय? तरी चढवत्यात. आन् सगळ्या एकच वाक्य बोलत्यात, सगळं बरं हाय. ऐकू येत न्हाई मला, व्हटावरनं कळतं. शिनेमा म्हंजे ह्येच आसंल ना, बाई?"

मी एम.ए. झालेली, पण मला हे सुचलं नव्हतं.

मग एक दिवस त्यांनी वर्तमानपत्राचं कात्रण माझ्या हातात दिलं. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं नवोदित लेखकांसाठी पटकथेची स्पर्धा ठेवली होती. निवडलेल्या पटकथेवर ते छोटा सिनेमा काढणार होते.

"नवोदित म्हंजे?"

"नव्यानं लिहायला लागलेला."

"मग मीच की. आजून येक अक्षर लिवलं न्हाई, माझ्याहून नवं कोण सापडायचं त्यास्नी?"

महिनाभर त्या जुन्या डायरीत लिहीत होत्या. आंबेगावच्या डोंगराकडची एक आई दर बाजाराला येऊन मुंबईच्या पोराला फोन करते. घराचं छप्पर उडालंय, नवरा अंथरुणाला खिळलाय, ते आपल्याला दिसतं. काचेआडून ती मात्र एकच वाक्य बोलते. शेवटच्या दृश्यात फोन बंद पडलेला असतो, तरी ती आत जाते, तेच बोलून येते आणि घराकडे चालायला लागते. पटकथेचं नाव 'सगळं बरं हाय'. त्याच स्पर्धेसाठी मीही गुपचूप काहीतरी लिहायला घेतलं होतं. हे वाचल्यावर माझं मलाच वाचवेना. मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू. मग मी माझं फाडून टाकलं.

माझं अक्षर बरं, म्हणून पक्की प्रत मी करायची असं ठरलं. इथं मी माती खाल्ली. 'व्हतं'चं 'होतं' केलं, 'न्हाई'चं 'नाही' केलं. नावसुद्धा 'सगळं बरं आहे' करून टाकलं. सवय माझी, आणि पुण्याचे लोक हसतील अशी भीतीही.

पोस्टात टाकायच्या शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, "वाचा, ऐकू द्या." मी नाव वाचलं, आईचं पहिलं वाक्य वाचलं. मंदाताईंनी कुबडी उचलून मला थांबवलं.

"कोण ही बाई? माझ्या बूथवर कदी आल्याली न्हाई. हिनं फोनवर 'आहे' म्हटलं तर पोरगं इचारंल, कोण बोलतंय?"

"अहो, परीक्षक हसतील."

"हसू द्या. मी लंगडी म्हणून सारा गाव हसला, तवा काय पाय बदलून आले व्हय?"

मी पर्समधला लाल पेन काढला आणि बाकावर बसून माझीच प्रत तपासायला लागले. फोनसाठी थांबलेला एक टोमॅटोवाला वाकून बघत म्हणाला, "पोरांच्या चुका लई निघाल्या की, बाई."

"पोरांच्या न्हाईत, बाईंच्याच हायेत," मंदाताई म्हणाल्या.

अर्जावर 'भाषा' असा रकाना होता. तिथं मी 'मराठी (ग्रामीण)' लिहिलं होतं. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "पुण्याचा माणूस मराठीफुडं कंसात शहरी लिवतो का?"

"नाही."

"मग खोडा ते."

मी खोडलं. पोस्ट बंद व्हायच्या आत पाकीट गेलं.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. कल्पना चांगली आहे, परंतु भाषा अशुद्ध आहे. शुध्दलेखनाकडे लक्ष द्यावे. प्रमाण मराठीत पाठवल्यास पुढील वर्षी विचार करू. मी वाचता वाचता अडखळले.

"काय झालं?"

"शुद्धलेखन हा शब्दच चुकलाय, मंदाताई. द-ला ध जोडायचा असतो. यांनी ध-ला द जोडलाय."

त्या इतक्या हसल्या की केबिनमधला माणूस दार उघडून बघायला लागला. "काढा तुमचा लाल पेन," त्या म्हणाल्या. मी त्या शब्दाभोवती गोल केला. खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पुना लिवून आना', आणि ते पत्र रजिस्टरनं परत पाठवलं.

पोस्टातून परत आल्यावर मात्र त्या केबिनमध्ये गेल्या. दार लावलं, रिसीव्हर कानाला लावला. नंबर फिरवला नव्हता, मीटर बंद होता. मी बाहेर बाकावर होते. त्यांचे ओठ हलले आणि पहिल्यांदाच मला ते वाचता आले. रडू मला आलं.

पुढे दर वर्षी तीच पटकथा जायची, एक अक्षर न बदलता. उत्तरं येईनाशी झाली, पण त्या थांबल्या नाहीत. मग मोबाइल आले, बूथ ओस पडला, केबिन भाच्यानं काढून नेली. एका उन्हाळ्यात कावीळ झाली आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले, कसं वाटतंय विचारलं.

"बरं न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "मधी काच न्हाई, म्हणून सांगते." थोड्या वेळानं विचारलं, "स्पर्धेचा कागुद आला का?"

"नाही अजून."

"आला का धाडा. कंस घालू नका."

जाहिरात आली तोवर मंदाताई गेल्या होत्या. मी नियम दोनदा वाचले. लेखक नवोदित असावा, एवढंच लिहिलं होतं. जिवंत असावा असं कुठंही नव्हतं. मी त्यांचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, 'भाषा'पुढे 'मराठी' लिहिलं आणि पाकीट पोस्टात टाकून शाळेत गेले.