लेकीच्या मैदानाची पाहणी

कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आमच्या अपार्टमेंटमागे शाळेचं मैदान होतं. मैदान म्हणायचं आपलं. गवत कमी, बिळंच जास्त. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमची चौदा वर्षांची लेक शाळा सुटली की तिथे सॉकर खेळायची. सोबतीला मेक्सिकोची, व्हिएतनामची, इराणची पोरं. कुणाचे वडील हॉटेलात भांडी घासत, कुणाची आई कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात. आणि त्यांच्यात इंजिनिअरची मुलगी! हे मी नाही हो म्हणत, महाराष्ट्र मंडळातल्या एका काकू म्हणाल्या. त्यांनी गाडीतून जाताना तिला पाहिलं आणि संध्याकाळच्या आत सगळ्या मराठी घरांत फोन पोचले. केवढी ही समाजसेवा!

"अहो, हाफ पँट घालून पोरांच्यात धावते तुमची," असं मलाही कळवलं, मला माहीत नसेल म्हणून.

आमचे हे लगेच म्हणाले, "बंद करू या ते. शनिवारी मंडळात येऊ दे, आपली मुलं भेटतील." आपली मुलं म्हणजे एका खोलीत व्हीसीआरसमोर बसवलेली, एकमेकांशी अक्षर न बोलणारी. पण हे मोठे न्यायी. "आधी तू एकदा बघून ये," म्हणाले. स्थळाचं घराणं बघायला पाठवावं, तशी मी निघाले.

रिकामं बसवत नाही म्हणून घेवडा निवडायला घेऊन गेले. बाकावर कुणाची तरी मेक्सिकन आई होती. तिने न विचारता मूठभर शेंगा घेतल्या आणि शिरा न काढताच मोडायला लागली. परदेशात एवढं सोसावंच लागतं.

आणि मग लेकीचा आवाज ऐकला. मंडळात 'काकूंना नमस्कार कर' म्हटलं की हिच्या तोंडून जेमतेम 'हाय' निघे. इथे कोण कुठे उभं राहणार, गोल झाला की नाही, सगळं हीच ठरवत होती. "गधड्या, पास!" अशी ओरडली आणि व्हिएतनामच्या मुलाने मुकाट्याने पास दिला. थोड्या वेळाने त्याचा गोल हुकला, तर त्यानेच कपाळावर हात मारला, "गधड्या!" शब्द माझ्या स्वयंपाकघरातला. मराठी शाळा चालवायला मंडळ उगाच हॉल भाड्याने घेतं.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "कशी आहेत मुलं?"

"शिस्तीची. आपल्या लेकीचं ऐकतात. आपल्याकडे कोण ऐकतं तिचं?"

ह्यांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "बरं, खेळू दे. पण काकूंना काय सांगायचं?"

शनिवारी आम्ही दोघंच मंडळात गेलो. दारातच काकू. "लेक कुठाय?"

साहेबासमोर न डगमगणारे आमचे हे पुटपुटले, "तिचा... अभ्यास आहे."

"मॅच आहे तिची," मी म्हटलं, आणि चपला काढून आत गेले.